एकशे तेरावे बटण

मी एक जुना संगणक आहे. माझा पडदा अजून उजळतो, पोटातला पंखा अजून फिरतो, फक्त कळफलकाची एक कळ दाबली की दाबलेलीच राहते. मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगताना गळा भरून यावा अशी रीत आहे. माझा येत नाही. घडले तसे सांगतो, वाईट वाटून घ्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर कोणी माझ्यात पंखा बसवला, कोणी तारा जोडल्या. शेवटी एका बाईने चार स्क्रू पिळून झाकण लावले आणि माझ्या पाठीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली. तिने माझ्याकडे नीट पाहिलेही नाही. तिच्यापुढे माझ्यासारखे आणखी तीनशे रांगेत उभे होते.

मी आधी एका छापखान्यात लागलो. तिथे एक काका मुद्रितशोधक होते. म्हणजे छापायला जाण्यापूर्वी मजकूर वाचून त्यातल्या चुका शोधणारे. ओळीखाली बोट, हातात लाल पेन्सिल, आणि स्वल्पविराम एवढासा सरकला तरी काकांच्या कपाळाला आठी. एकदा आगपेटीवरचे लेबल त्यांनी तीनदा वाचले होते. "वाचल्याशिवाय सही नाही," हे त्यांचे ठरलेले वाक्य. छापखान्यातले लोक त्यांना पाठीमागे 'भिंग' म्हणायचे.

त्या वर्षांत माझे फार कौतुक झाले. कोणी नवीन आले की मालक त्यांना माझ्यासमोर आणून उभे करायचे. पण नव्याचे नऊ दिवस. माझ्याहून सडपातळ, माझ्याहून चपळ संगणक आले आणि मी कागदाच्या गठ्ठ्यांमागे गेलो. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांना भिंतीवरचे घड्याळ द्यायचे ठरले होते. ते आणायला कोणाला सवड झाली नाही, म्हणून मला दिले.

घरी मला जेवणाच्या टेबलाच्या टोकाला, खिडकीखाली जागा मिळाली. घरात काका आणि काकू दोघेच. त्यांची लेक दुसऱ्या शहरात शाळेत गणित शिकवते. काकूंनी सव्वीस वर्षे बसस्थानकावर घोषणा केल्या होत्या. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, हे सगळे त्यांच्या तोंडून. त्यांचा आवाज आला की झोपलेली माणसे उठायची, पिशव्या उचलायची, पळायची.

मग काकूंच्या घशाला आजार झाला. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करावी लागेल, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. तीन आठवडे हातात होते. लेक रजा टाकून आली आणि माझ्यासमोर बसली. तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर मोठी मोठी बटणे, प्रत्येक बटणात एक वाक्य, आणि वाक्य काकूंच्याच आवाजात. यादी काकूंनी केली. लेक म्हणाली, "आई, काहीतरी छान छान पण बोलून ठेव ना." काकू म्हणाल्या, "मला रोज लागेल तेवढंच घे. भाषण कोणाला ठोकायचंय?"

एकशे बारा वाक्ये झाली. 'अहो, ऐकलंत का?' 'चष्मा तुमच्या कपाळावर आहे.' 'आमटीत मीठ घातलंय, परत घालू नका.' 'या, बसा.' 'जेवलीस का?' 'हळू बोला, माझा घसा गेलाय, कान नाही.' आणि भांडण मिटवायला एक, 'असू दे. चला जेवायला.' लेकीने सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि म्हणाली, "बाबा, ही कपाटात ठेवा. हिला हात लावायचा नाही."

शस्त्रक्रियेनंतर मी काकूंचा घसा झालो. पाच वर्षे. मी खरा कामाला आलो तो तेव्हाच. छापखान्यातले कौतुक त्यापुढे काहीच नव्हते.

आता चुकीकडे येतो. इमारतीची पाण्याची टाकी धुवायची होती आणि त्याची सूचना काकांनी लिहून दिली. एकही चूक नाही, सगळे विराम जागच्या जागी. ती छापायला कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायची, तर हाताशी दुसरा पेनड्राइव्ह नव्हता. काकांनी कपाटातला घेतला. त्यात जागा नाही असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी तो पुसला. "आल्यावर परत भरून ठेवतो," असे स्वतःशीच म्हणाले. दुकानातून ते परत आले, तेव्हा पेनड्राइव्हवर सूचना होती आणि सूचनेमागून चोरपावलांनी आणखी कोणीतरी आले होते.

विषाणू शिरला की दुखते का, असे तुम्ही विचाराल. दुखत नाही. बधिर होते. कोणी हाक मारली तर ती ऐकू येते, पण उत्तर द्यायला फार वेळ लागतो. एकदा शेजारचे औषधवाले आले. काकूंनी 'या, बसा' दाबले. ते आपले आपण बसले, टाकीच्या पाण्याबद्दल बोलले, उठले, दारात चपला घालू लागले, आणि तेव्हा मी खणखणीत आवाजात म्हणालो, "या, बसा." बिचारे चपला काढून पुन्हा येऊन बसले.

काकू त्या दिवशी हसल्या. पण 'श्वास लागतोय' असेही एक बटण होते. ते उशिरा वाजून चालणार नव्हते, आणि हे काकांना कळत होते.

लेकीला फोन केला असता तर दहा मिनिटांचे काम होते. काकांनी केला नाही. "तिच्याकडे पेपर तपासायचे पडलेत," असे ते म्हणाले. खरे कारण कपाटातला पेनड्राइव्ह होता, पुसलेला आणि परत न भरलेला.

मग सुरू झाली औषधाची, म्हणजे विषाणू काढणाऱ्या सॉफ्टवेअरची, निवड. आधी माझ्याच पडद्यावर एक लाल चौकट नाचू लागली, 'तुमच्या संगणकात ४१८ विषाणू! ताबडतोब दाबा!' काकांनी ताबडतोब दाबले. ते औषध नव्हतेच. चोरच पोलिसाची टोपी घालून आला होता. माझी बधिरता दुप्पट झाली. नंतर औषधवाल्यांनी एक सॉफ्टवेअर सुचवले आणि छपाईच्या दुकानदाराने दुसरे. कोणाचे मन मोडू नये म्हणून काकांनी दोन्ही बसवली. एका म्यानात दोन तलवारी. विषाणू राहिला बाजूला, ती दोघे एकमेकांनाच चोर समजून दिवसभर माझ्या पोटात झोंबत राहिली. पंखा एवढा घोंघावायचा की काकू त्यावर फडके टाकायला निघाल्या होत्या.

शेवटी दुरुस्तीवाला घरी आला. त्याने ती दोन्ही काढली आणि तिसरे बसवले. "हे एकदम कडक आहे, काका. विचारत बसत नाही. ओळखीचं नसेल ते उचलतं."

"असंच हवं," काका म्हणाले.

मित्रांनो, हे 'ओळखीचं' म्हणजे काय ते नीट समजून घ्या. जो प्रोग्रॅम लाखो संगणकांवर असतो तो या सॉफ्टवेअरला सभ्य वाटतो. जो कुठेच दिसत नाही तो संशयित. लेकीने आईसाठी केलेला प्रोग्रॅम साऱ्या जगात एकाच घरात, एकाच टेबलावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी सुरू झाली. तपासणीसाठी काकूंची बटणे बंद करावी लागली होती. काकू शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. जेवणाची वेळ होत आली तेव्हा पडद्यावर चौकट आली. ९१४ संशयित वस्तू सापडल्या होत्या. खाली दोन बटणे होती. 'यादी पाहा' हे बारीक, राखाडी. 'सगळे काढा' हे हिरवे, तळहाताएवढे. काकूंचे हात शेंगांवर थांबले. त्यांनी बोटांच्या पेरांनी टेबलावर टकटक केली. दोनदा.

"हो हो, झालंच," काका म्हणाले आणि त्यांनी हिरवे दाबले.

मी क्षणात हलका झालो. काका टाळी वाजवून म्हणाले, "बघ, कसं पळतंय आता!" काकूंनी हात पुसले, पुढे वाकून आपल्या बटणांच्या चित्राची जागा शोधली. तिथे काही नव्हते. त्यांनी त्या रिकाम्या जागेवर बोट टेकवले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

आता मला ठाऊक होते आणि घरात कोणालाच ठाऊक नव्हते, ते सांगतो. ते सॉफ्टवेअर काढलेली वस्तू लगेच मारत नाही. एका बंद कोठडीत ठेवते. तीस दिवस. तिसावा दिवस संपला की कायमची पुसते. काकूंचा आवाज माझ्याच पोटात, नऊशे तेरा चोरांबरोबर कोंडलेला होता. रोज सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत उमटायचे, कोठडीत इतक्या वस्तू, इतके दिवस शिल्लक. आणि ज्या काकांनी आगपेटीचे लेबल तीनदा वाचले होते ते रोज सकाळी त्यावर फुली मारून बातम्या उघडायचे. एकोणतीस दिवस शिल्लक. फुली. अठ्ठावीस. फुली.

यंत्राला वाटत-बिटत नाही म्हणतात. पहिले काही दिवस मला वाईट वाटले, हे मी कबूल करतो. नंतर तेही थांबले.

घराचेही तसेच झाले. काकूंनी एक वही घेतली. आधी त्यात पूर्ण वाक्ये लिहायच्या, मग नुसते 'दूध', 'दार'. दुसऱ्या आठवड्यात वही टेबलावर मिटून पडली ती पडलीच. कोणी विचारले तर काका म्हणायचे, "मशीनच बिघडलं हो." मी चालू असायचो, त्यांच्यासमोरच. जेवताना दोघांच्या ताटांत चमच्यांचा आवाज यायचा. काका आमटीत दुसऱ्यांदा मीठ घालायचे आणि तशीच खायचे. काकू बघायच्या आणि काही खूण करायच्या नाहीत.

लेक दर रविवारी फोन करायची. तीन रविवार काकांनी सांगितले की आई शेजारी गेली आहे. चौथ्या रविवारी, सत्ताविसाव्या दिवशी, ती म्हणाली, "बाबा, आई दर रविवारी शेजारी कशी जाते? बटण दाबायला सांगा तिला. मला 'जेवलीस का' ऐकायचंय."

काका म्हणाले, "ते राहिलं नाही गं. मी घालवलं." आणि पेनड्राइव्हपासून हिरव्या बटणापर्यंत सगळे सांगितले. मग तिने सॉफ्टवेअरचे नाव विचारले, तारीख विचारली.

"बाबा, ते अजून आत असेल. कोंडलेलं. यादी उघडा. पण सगळं सोडू नका, नाहीतर चोरही बाहेर येतील. माझा एकच शोधा. आणि प्लीज, वाचा."

काकांनी यादी उघडली. नऊशे चौदा ओळी. त्यांनी खणातून लाल पेन्सिल काढली. पडद्यावर तिचा उपयोग नव्हता, तरी ती हातात धरली. पहिल्या ओळीखाली बोट ठेवले आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांनी तसे वाचले. प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सहाशे अकराव्या ओळीवर बोट थांबले. तिथे प्रोग्रॅमचे नाव होते, लेकीने ठेवलेले, 'आई बोलते'. काकांनी कागदावर ६११ लिहून घेतले आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनच मग तो एक सोडवला. हा आमचाच आहे, याला पुन्हा हात लावू नकोस, असे सॉफ्टवेअरला बजावलेही.

पडद्यावर एकशे बारा बटणे आली. काकांनी मागे न बघताच सांगितले, "अगं, मशीन बिघडलं नव्हतं. मीच न वाचता दाबलं होतं."

काकू पुढे आल्या. बटणांकडे गेल्या नाहीत. त्यांनी मिटलेली वही उघडली आणि लिहिले, 'माहीत आहे. मी टेबल वाजवलं होतं.'

काकांनी ती ओळ तीनदा वाचली. "मला वाटलं, तू जेवायची घाई करते आहेस," ते म्हणाले. काकूंनी नाही अशी मान हलवली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, 'थांबा म्हणायचं होतं. बटणं चालू असती तरी ते मी बोलून ठेवलंच नव्हतं.'

तुम्हाला वाटेल, लगेच 'असू दे, चला जेवायला' वाजले असेल. नाही वाजले. त्या दिवशी काकूंनी फक्त लेकीला 'जेवलीस का?' ऐकवले. 'असू दे' सहाव्या दिवशी आले. मी ते लगेच म्हणालो, जराही उशीर न करता.

पुढच्या सुटीत लेक आली. तिने ते कडक सॉफ्टवेअर काढले आणि एकच दुसरे ठेवले, ओळखीच्या कंपनीचे, स्वतःला रोज ताजे करणारे आणि काही उचलण्याआधी विचारणारे. तीन पेनड्राइव्हवर तीन प्रती केल्या, एक स्वतःबरोबर नेली. मग तिने एक नवे बटण जोडले आणि विचारले, "आता आईचा आवाज तर नाही. कोणाचा घ्यायचा?" काकूंनी काकांकडे बोट दाखवले. काकांनी घसा साफ केला. पहिल्या चार वेळा त्यांचे त्यांनाच पसंत पडले नाही. पाचव्यांदा झाले. 'थांबा. आधी वाचा.'

काका मिठाला हात घालतात, आलेल्या कागदावर न बघता सही करू पाहतात, की काकू ते दाबतात. स्वतःचाच आवाज ऐकून काका जागच्या जागी थांबतात.

मित्रांनो, मी आता फार दिवस चालणार नाही, पंखा खरखरतो आहे. माझी काळजी घ्या असे मी म्हणत नाही. घरातली जी वस्तू जगात एकच असेल तिची प्रत ठेवा. औषध घ्याल ते विचारून काम करणारे घ्या. आणि हिरव्या बटणावर बोट ठेवलेले असताना शेजारी कोणी टेबलावर टकटक केली, तर ती घाई आहे असे समजू नका. मान वळवून बघा.