कानाच्या यंत्राची पूजा

खंडेनवमीला सुभद्रेनं घरातली सगळी हत्यारं पुजली. विळे, कुऱ्हाड, वखराची पास आणि त्यांच्याच ओळीत नवऱ्याच्या कानाचं यंत्र. सहा वर्षं कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू न येणाऱ्या केशवरावांना चार महिन्यांपूर्वी जावयानं मुंबईहून ते आणून दिलं होतं. छातीवर अडकवायची काळी डबी, तिला जाळी, एक वायर कानात आणि एक कमरेच्या बॅटरीला. ज्यानं घरात पुन्हा बोलणं-चालणं आणलं, त्याची पूजा चुकवायची म्हणजे काय? तिनं जाळीवर भरपूर हळदीकुंकू वाहिलं आणि फुलानं पाणी शिंपडलं. जाळी हेच यंत्राचं तोंड, म्हणून पाणी जरा जास्तच शिंपडलं.

दसऱ्याच्या सकाळी केशवरावांनी वायर कानात घातली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बोल ना वं काही!"

"बोलून तं राहिली ना!" सुभद्रा म्हणाली. त्यांना त्यातलं अक्षर ऐकू गेलं नाही.

एरवी दोन दिवस खुणांवर निभावलं असतं. पण आज धाकटा भाऊ रामराव सोनं द्यायला येणार होता, नऊ वर्षांनी. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं वाजलं, तेव्हा त्यानं मारुतीच्या पारावर, गावादेखत, थोरल्या भावाला धुराचोर म्हटलं होतं. पुढे मोजणीत धुरा जागच्या जागी निघाला. रामरावाची मान खाली गेली, पण पाय काही या घराकडे वळले नाहीत. आता त्याच्या बायकोनं, मैनाबाईनं, विहिरीवर निरोप दिला होता, "ते येतीन. पण जे बोलाचं ते हळूच बोलतीन. आता यंत्र आहे म्हनून तं तयार झाले. ओरडून माफी मांगाची लाज वाटते त्यायले."

आणि यंत्र मुकं! सुभद्रा चुलीपासून ओसरीपर्यंत नुसत्या खेपा घालत होती. पाण्याचं सांगावं म्हटलं तर जीभ रेटेना.

केशवरावांनी जावयाचं पत्र काढलं आणि त्याबरहुकूम एकेक करायला घेतलं. आधी नवी बॅटरी लावली. काही नाही. मग वायरींच्या टोकांवरचा हिरवा गंज फडक्यानं घासला. तरी काही नाही. शेवटची ओळ त्यांनी बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात वाचली, "डबीत कोळशाची बारीक कणी असते. ओल लागल्यास ती गोळा होऊन आवाज बंद पडतो. सुकवून बोटाने हलकेच ठोकावे."

'ओल' म्हणताच सुभद्रा लगबगीनं चुलीकडे वळली. केशवरावांनी डबी दाराच्या उजेडात धरली, जाळीकडे बराच वेळ पाहिलं आणि ते अंगणात उन्हात जाऊन बसले. ऊन सरकेल तसे तेही सरकायचे. मधून मधून डबीवर टिचकी मारायचे आणि वायर कानात घालायचे.

दुपारी सुभद्रेचं वरण करपलं. पदराला हात पुसत ती त्यांच्या पाठीमागे येऊन उभी राहिली.

"झालं का काही?"

त्यांनी मागे न पाहताच नकाराची मान हलवली. ती तशीच परत फिरली. कपाळ आपलं, दुसरं काय!

दिवेलागणीला सीमोल्लंघनाहून लोक परतले. गल्ली भरली, ओसरीवर खुशालराव पाटील आणि पारावरची आणखी चार माणसं टेकली. तेवढ्यात रामराव आला. त्यानं आपट्याची पानं थोरल्याच्या हातात दिली, पाया पडला आणि छातीवरच्या डबीशी तोंड नेऊन पुटपुटला. दाराआड सुभद्रेला ओठ हललेले तेवढे दिसले.

केशवरावांनी कानामागे हात धरला. "यंत्र बसलं रे सकाळपासून. मोठ्यानं बोल."

रामराव पुन्हा बोलला, जरा वरच्या आवाजात.

"अजून मोठ्यानं."

रामरावानं गल्लीकडे पाहिलं, दाराशी काढलेल्या आपल्या जोड्यांकडे पाहिलं. हा आता उठतो आणि पुन्हा जन्मात येत नाही, असं सुभद्रेला वाटलं. आपल्या ओंजळभर पाण्यानं दोन भाऊ तुटले! मी सांगते त्यांना, म्हणत ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार तोच रामरावानं डोळे घट्ट मिटले.

"दादा, तू धुराचोर नाईस! म्याच खोटं बोललो! माफ कर मले!"

गल्ली जागच्या जागी थांबली. खुशालरावांच्या हातातलं पान हातातच राहिलं. केशवरावांनी भावाला कवटाळलं आणि दोघंही लहान पोरांसारखे रडले.

जेवून रामराव गेला. सुभद्रेनं यंत्र पेटीत ठेवायला घेतलं आणि सहज वायर कानाला लावली. तिच्याच बांगड्या एवढ्या मोठ्यानं वाजल्या की ती दचकली. मग तिला दुपारची ती मान आठवली. हे पाठमोरे होते, तरी उत्तर दिलं होतं!

तिनं वायर त्यांच्या कानात खुपसली. "अवो, हे तं चालू आहे!"

"दुपारीच झालं," केशवराव म्हणाले. "जाळीत कुंकू बी दिसलं मले. पुढच्या नवमीले पानी नको शिंपडू."

"अन् त्या बिचाऱ्याले एवढं ओरडाले लावलं? काहून?"

"शिवी साऱ्या गावानं ऐकली होती," ते म्हणाले. "माफ तं मी त्याले पहिल्याच खेपेले केलं. बाकीच्या दोन खेपा गावासाठी होत्या."