केवढा, कितीचा, कधीचा?

मी बिअरचा कॅन बोलतोय. नाक मुरडू नका, प्यायला या असं मी कुणाला सांगत नाही. मला आपलं थोडं विचारायचं होतं, आणि विचारावं असं दुसरं कुणी जवळ नाही. मी केवढा आहे, कितीचा आहे आणि कधीचा आहे? माणसं मला हातात घेऊन हेच तीन प्रश्न विचारतात. उत्तर मला येत नाही. त्यांनाही येतं असं वाटत नाही.

आता वयाचंच बघा. माझा जन्म कधीचा धरायचा? पत्र्याचा कॅन झालो तेव्हाचा, की पोटात बिअर भरली तेव्हाचा? मी इथे आलो तेव्हा मला झाकणसुद्धा नव्हतं. शेकडो भावंडं एकावर एक रचलेली, सगळ्यांची तोंडं उघडी. एके सकाळी आम्हाला पाण्याने विसळलं. मग पोटात गॅस सोडला, आतली हवा हाकलायला. हवा लागली की बिअर बिघडते म्हणे. बाहेर सगळे हवेवर जगतात आणि आत तीच वैरीण, हे काही मला समजलं नाही. पण विचारायला वेळ कुठे होता? बिअर आली, फेस काठावर आला आणि वरून झाकण दाबलं गेलं. गार, जड आणि गच्च झालो.

मग भाऊंनी मला उलटं केलं आणि तळाला शाईने तारखेचा शिक्का मारला. माझं वय लिहायला त्यांना नेमकी मला न दिसणारी जागा सापडली.

भाऊ म्हणजे या लहानशा कारखान्याचे मालक. तीन टाक्या, एक पॅकिंगचं टेबल, मागे थंड खोली आणि पुढे दुकान, एवढाच पसारा. बिअर ते स्वतः बनवतात. त्यांची आत्या दुकान सांभाळते. आणि पॅकिंगला वहिनी. वहिनींचा नवरा भाऊंचा जुना मित्र, म्हणून सगळेच त्यांना वहिनी म्हणतात. त्यांची दहा महिन्यांची छकुली दिवसभर दुकानात, आत्याच्या खुर्चीशेजारी पाळण्यात असते.

वहिनींना या कामाचं अप्रूप होतं ते छकुलीमुळेच. आधी तीन ठिकाणी विचारून झालं होतं. तिन्ही ठिकाणी काम होतं, पण लेकराला घेऊन आलेलं चालणार नव्हतं. इथे भाऊ म्हणाले, "आणा की. तीन महिने काम बघू, जमलं तर कायम करू." तेव्हापासून वहिनी तीन महिने जीव मुठीत धरून काम करत होत्या. लेबल तिरकं लागलं तर रात्री झोप येत नाही, असं त्यांनीच एकदा आत्याला सांगितलं होतं. आत्या म्हणाल्या, "अगं, बिअर पिणाऱ्याला लेबल तसंही तिरकंच दिसतं."

पहिल्या दिवशी भाऊंनी वहिनींना एकच गोष्ट बजावली होती. "वहिनी, आपली बिअर ब्रेडसारखी. भट्टीतून निघाला की खाल्ला पाहिजे. ठेवून ठेवून ती मुरत नाही, आत घातलेल्या हॉपच्या फुलांचा वास उडून जातो. गिऱ्हाइकाला ताजं मिळालं पाहिजे, बाकी मला काही माहीत नाही."

वहिनींनी मान डोलावली. आणि घोटाळा तिथेच झाला.

दर सोमवारी नवे कॅन भरले जायचे. वहिनी ते थंड खोलीत नेऊन सगळ्यात पुढे रचायच्या, दाराजवळ. दुकानातला फ्रिज त्यातूनच भरायच्या. मागच्या आठवड्याची उरलेली दोन-तीन खोकी उचलून मागे, भिंतीकडे. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. गिऱ्हाइकाला रोज ताजं मिळत होतं, भाऊ खूश होते.

मी उरलेल्यांतला. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या रांगेत होतो, मग पाचव्या, मग थेट भिंतीला टेकलो. मला आधी वाटलं, माझा मान वाढतोय. लग्नाकार्यात मोठी माणसं मागे भिंतीला टेकून बसतात तसं काहीतरी. दार उघडलं की उजेडाची एक रेघ यायची, वहिनींचे हात दिसायचे आणि कालपरवा आलेलं पोर माझ्याआधी बाहेर जायचं. माझं काय चुकलं हे शोधण्यात माझे तीन महिने गेले.

त्याआधी चार दिवस मी दुकानातल्या फ्रिजमध्ये होतो; सोमवारी नवे कॅन आले आणि मला पुन्हा खोक्यात भरलं. तेव्हाची आत्या आणि गिऱ्हाइकांची बोलणी अजून कानात आहेत. आमच्यात दोन मापं. मी तीनशे तीस मिलीचा, आणि शेजारी पाचशेचा.

"हा मोठा लहानाच्या दीडपट आहे ना?" एका बाईंनी विचारलं.

"दीडपटीहून थेंबभर जास्तच."

"मग किंमत सव्वापटच कशी? म्हणजे लहान घेणाऱ्याला तुम्ही लुटता."

"लुटायला मी काय दरोडेखोर आहे? कॅन, झाकण, लेबल आणि मशीनचा वेळ दोघांनाही जवळजवळ तेवढाच लागतो. जास्तीची फक्त बिअर."

"मग मोठाच द्या."

"घ्या. पण फोडला की संपवायचा. उरलेला उद्यापर्यंत सपक होतो."

बाईंनी मोठा ठेवला आणि मला उचललं. मग मला ठेवून मोठा घेतला. मग म्हणाल्या, "चार लहान एकत्र घेतले तर स्वस्त पडतील का?" आत्या म्हणाल्या, "पडतील, पण तुम्हाला हवेत का चार?" बाई विचार करत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी येऊन एक मोठा आणि एक लहान घेऊन गेल्या. तो लहान मी नव्हतो. मी स्वस्त की महाग, हे मला त्या दिवशी कळलं नाही ते आजतागायत.

मग तो शनिवार आला. भाऊ हॉपची फुलं आणायला परगावी गेले होते. दुकानात गर्दी झाली, फ्रिज रिकामा झाला. वहिनी छकुलीला भरवत होत्या, म्हणून आत्या स्वतः थंड खोलीत आल्या. पुढचं सगळं संपलेलं. त्यांनी मागून हाताला येईल ते एक खोकं ओढलं. माझ्या शेजारचं.

दार उघडंच राहिलं होतं. पाच मिनिटांत बाहेरून आवाज आला. नेहमीचे निवृत्त मास्तर होते. त्यांना कॅन उलटा करून बघायची सवय.

"आत्याबाई, ही तारीख माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधीची आहे हो! तेव्हा मी काठी न घेता चालत होतो."

"बघू. अगंबाई!" आत्यांनी चष्मा लावला. "तीन महिने होत आले की. वहिनी, मागे असलं अजून किती आहे?"

वहिनींनी चमचा वाटीत ठेवला.

"असेल थोडं," त्या म्हणाल्या.

"उद्या भाऊ आला की त्याला ती मागची भिंत बघायला लावते. तूही थांब. नाहीतरी तुझे तीन महिने उद्याच भरतात ना?"

रविवारी सकाळी वहिनी लवकर आल्या. छकुलीला आत्यापाशी ठेवून त्या थंड खोलीत शिरल्या आणि खोकी मोजू लागल्या. पस्तीसवर मोजणं सोडलं. मग माझं खोकं फोडून मला बाहेर काढलं, पॅकिंगच्या टेबलावर उलटं ठेवलं. टेबलावर स्पिरिटची बाटली होती. भाऊंच्या खणात तारखेचा शिक्का होता, आणि खणाला कधीच कुलूप नसायचं.

वहिनींनी बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि माझ्या तळावरून फिरवला.

गार लागलं. मला वाटलं, अंघोळ घालतायत. एवढ्या महिन्यांनी कुणीतरी हात लावला म्हणून बरंच वाटलं. शाई निघाली, बोळा काळा झाला. वहिनींनी खणातून शिक्का काढला, आजची तारीख फिरवून लावली. हात माझ्यावर आणला आणि तसाच धरून ठेवला.

किती वेळ ते सांगता येणार नाही. पलीकडे छकुली हसत होती, आत्या तिला काहीतरी वेडंवाकडं गाणं म्हणून दाखवत होत्या. वहिनींनी शिक्का खाली ठेवला. दुसरा कॅन घेतला, बोळा उचलला, आणि तोही खाली ठेवला. मग मला हातात घेऊन त्या बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. भाऊ येईपर्यंत तिथेच.

भाऊ आले, गाडीतून उतरले, पिशव्या हातातच होत्या.

"भाऊ, मागे तीन महिन्यांचा माल पडलाय," वहिनी एका दमात म्हणाल्या. "पस्तीस खोकी, जास्तही असतील. मीच मागे ढकलत गेले."

"मागे? का पण?"

"तुम्ही म्हणालात गिऱ्हाइकाला ताजं द्या. मी ताजं दिलं."

"अहो, पण जुनं आधी काढायचं ना! म्हणजे मग सगळंच ताजं राहतं. जुनं कोण संपवणार होतं?"

वहिनींना हा प्रश्नच नवा होता. "घरी मीच संपवते," त्या म्हणाल्या. "ताजं छकुलीला, सासूबाईंना, ह्यांना. उरलेलं माझं. मला वाटलं, इथेही कुणीतरी संपवत असेल."

भाऊंनी पिशव्या खाली ठेवल्या. आत्या दारात येऊन उभ्या होत्या, छकुली कडेवर.

"आणि हा?" भाऊंनी माझ्याकडे बोट केलं.

"ह्याची तारीख पुसली मी. नवी मारणार होते."

"किती पुसल्या?"

"एकच."

"का थांबलात?"

"कुणीतरी उलटा करून वाचणार. आणि खरं मानणार." वहिनी म्हणाल्या. "मी छकुलीच्या औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचते, तशी. भाऊ, मला काढायचं तर काढा. फक्त आजच्या आज नको, छकुलीला कुठे ठेवायचं ते बघायला चार दिवस द्या."

भाऊंनी मला घेतलं, उलटं केलं. कोरा तळ बघितला. त्यांचा चेहरा रागावलेला होता की नाही, मला ओळखता आलं नाही. पस्तीस खोकी म्हणजे त्यांचेही कष्टच की. ते आत गेले, माझ्याच खोक्यातला दुसरा कॅन फोडून ग्लासात ओतला, वास घेतला, घोटभर प्यायले.

"खराब नाहीये. पण फुलांचा वास गेला."

"मग तसंच लिहू या," आत्या म्हणाल्या. "जुना माल, वास कमी, किंमत निम्मी. ज्याला हवं तो घेईल. मलाही वास कमीच येतो, पहिलं खोकं माझं."

भाऊ हसले नाहीत. त्यांनी शिक्का उचलला आणि वहिनींपुढे ठेवला.

"उद्यापासून तारीख तुम्ही मारायची. मी नाही मारणार."

"म्हणजे मी राहू?"

"शिक्का दिलाय ना हातात," भाऊ म्हणाले, आणि पिशव्या उचलून टाक्यांकडे गेले.

ही बढती होती की शिक्षा, मला अजून उमगलेलं नाही. वहिनींनाही उमगलं नसावं. त्या कितीतरी वेळ शिक्का हातात घेऊन उभ्या होत्या, आणि छकुली तो तोंडात घालायला बघत होती.

निम्म्या किमतीची खोकी दोन आठवड्यांत संपली. थंड खोलीत आता नवं मागे जातं आणि जुनं पुढे येतं. कुणालाच भिंतीला टेकून बसावं लागत नाही. मी मात्र कुठल्याच रांगेत बसत नाही. तारीख नाही म्हणून विकता येत नाही, आणि भरलेला आहे म्हणून फेकता येत नाही. पॅकिंगच्या टेबलावरची लेबलं उडू नयेत म्हणून वहिनी मला त्यांच्यावर ठेवतात. ताज्या बिअरचे कॅन समोरून जातात. मी बघत बसतो.

राग नाही माझा कुणावर. एकच मागणं आहे. कधी इकडे आलात तर वहिनींना विचारून मला फोडा. एका ग्लासात पुरा मावेन, एवढं माप तरी माझं पक्कं आहे. प्यायच्या आधी वास घ्या, आणि आत काय उरलंय ते मला सांगा. वाईट असलं तरी सांगा. या टेबलावर आता खरं चालतं.