शंभर कोटी माणसांची बेरीज

मी एक जुना, कागदाच्या पट्टीवर आकडे छापणारा कॅल्क्युलेटर आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आता पार दमलोय. माझी तीन बटणं दाबली जात नाहीत. शाईचा रोलर कधीच सुकला. तुमच्या मोबाईलमध्ये माझ्यासारखे शंभर मावतात, हेही मला ठाऊक आहे. तरीपण बसा दोन मिनिटं. एकदा मी आख्ख्या देशाची बेरीज केली होती, ती सांगतो.

माझा जन्म नोएडातल्या एका नव्या कारखान्यात झाला. परदेशी मालासाठी देशाची दारं नुकतीच उघडली होती. माझे सुटे भाग खोक्यांतून बाहेरून यायचे आणि इथल्या मुली ते जोडायच्या. तिथून मी दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सरकारी कचेरीत पोचलो. माझ्या साहेबांचं नाव खंडेराव घोरपडे. मूळचे साताऱ्याचे, अर्थशास्त्र शिकलेले, शर्टाची इस्त्री मोडू न देणारे. नवीन असताना काय कौतुक होतं माझं! वजाबाकी मी लाल शाईत छापायचो, तर शेजारच्या टेबलावरचे बाबूसुद्धा बघायला यायचे. आमच्या कचेरीत प्रत्येक टिपणाला माझी पट्टी टाचायची पद्धत होती. पट्टी असली की बेरीज खरी, असं सगळे मानायचे.

दहा वर्षं अशी गेली. साहेब दिल्लीतल्याच द्वारका भागात, सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मग एक दिवस त्यांचे वरिष्ठ राजीवसाहेब म्हणाले, "घोरपडे, एक नोट बनाओ. सरकारनं देशातल्या प्रत्येक माणसाला, गरीब-श्रीमंत न बघता, महिन्याला शंभर रुपये दिले, तर पैसा आयेगा कहाँ से?"

साहेबांचे डोळे चमकले. कागदी पिशवीत घालून त्यांनी मला रविवारसाठी घरी नेलं. शंभर कोटी माणसं, गुणिले वर्षाचे बाराशे रुपये. मित्रांनो, मी बारा आकडी यंत्र. उत्तर तेरा आकडी. माझा लाल दिवा लागला आणि मी गप्प बसलो. "देशाला पुरत नाहीस होय रे!" म्हणून साहेब हसले. मग त्यांनी सगळं कोटीत मांडलं. उत्तर आलं, वर्षाला एक लाख वीस हजार कोटी.

एवढे पैसे आणायचे कुठून? साहेबांनी यादी करायला घेतली. स्वस्त धान्याचं रेशन बंद. रॉकेलवरची सवलत बंद. लहानसहान योजना बंद. थोडा नवा कर. प्रत्येक ओळीला मी खडखडत होतो. दुपारपर्यंत रक्कम जुळली आणि साहेबांनी टाळीच वाजवली. मलाही फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात फूलमती कपडे घेऊन वर आली. सोसायटीच्या फाटकाशी तिचं इस्त्रीचं टेबल होतं. नवरा गेलेला, दोन मुलं. साहेबांना राहवेना. त्यांनी तिलाच आधी बातमी दिली.

"बच्चों का भी सौ-सौ?" तिनं कपडे तसेच छातीशी धरले. "मतलब तीन सौ, हर महीने? और किसी बाबू के पैर नहीं पकड़ने?"

"बिल्कुल नहीं," साहेब म्हणाले.

तिचा चेहरा मला अजून आठवतो. थोरल्या मुलीला परत शाळेत घालीन म्हणाली ती. पण विजयाताई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, पण तिचं रेशन जाणार ना त्यात? तिला रेशनमुळे किती वाचतात, ते विचारलंत?"

"मी देशाची सरासरी घेतलीय, विजया."

"सरासरी काय पोळ्या लाटते का? विचारा की तिला!"

साहेबांनी विचारलं. फूलमती बोटांवर मोजत सांगत गेली आणि साहेब माझी बटणं दाबत गेले. बाजारापेक्षा गहू-तांदळात दोनशे तीस वाचत होते. रॉकेलमध्ये एकशे दहा, साखरेत वीस. झाले तीनशे साठ. आणि मिळणार होते तीनशे. फरकाचे साठ रुपये मी लाल शाईत छापले.

"आणि आपलं काय जाणार?" विजयाताईंनी विचारलं.

"आपलं... काही नाही. आपल्याला मुलासकट तिघांचे तीनशे मिळणार."

"म्हणजे तिच्या पिठातून आपल्याला तीनशे? याला आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, अहो."

साहेब लालबुंद झाले. फूलमतीला सगळं मराठी कळलं नाही, पण लाल आकडा कळला असावा. ती म्हणाली, "साहब, राशन मत काटना. बाकी आप जानो." आणि इस्त्रीचे पैसे न घेताच निघून गेली.

त्या कोटीच्या हिशेबात साठ रुपये दिसतच नव्हते, मित्रांनो. मी चुकलो नव्हतो. बेरीज अचूक होती. तरी मला माझी लाज वाटली.

साहेबांनी नवी पट्टी लावली. या वेळी रेशनला हात लावला नाही. बड्या कंपन्यांच्या करातल्या सवलती, हायवेलगतच्या मॉलना मातीमोल भावानं दिलेल्या जमिनी, शेअरच्या नफ्यावर माफ केलेला कर, अशी यादी चालली. शेवटी ते थबकले. "विजया, आपल्यासारख्यांच्या गॅस सिलिंडरवरची सूटही काढावी लागेल. तरच जुळतंय."

ताईंनी स्वयंपाकघरातल्या सिलिंडरकडे एकदा वळून पाहिलं. महिनाअखेरीची ओढाताण त्यांनाही होतीच. मग म्हणाल्या, "लिहा."

आणि जुळलं हो! दुसऱ्या वाटेनंही एक लाख वीस हजार कोटी उभे राहिले.

सोमवारी राजीवसाहेबांनी दोन्ही पट्ट्या पाहिल्या. "ये दूसरी वाली किसने माँगी थी, यार? गॅसला हात लावला तर मिडल क्लास आपल्याला छोड़ेगा? आणि कंपन्या? पहली वाली पर साइन करो. तुमच्या प्रमोशनची फाईल माझ्याच टेबलावर आहे, घोरपडे."

साहेबांनी पहिल्या पट्टीखाली लिहिलं, 'बेरीज बरोबर आहे, पण यात सर्वांत गरिबाचे कमी होतात, म्हणून मी सही करत नाही.' सही त्यांनी दुसरीखाली केली. मला वाटलं, याला म्हणतात माणूस!

पुढे व्हायचं तेच झालं. टिपण 'अधिक विचारासाठी' म्हणून कपाटात गेलं. प्रमोशन दुसऱ्याला मिळालं. वर्षभरात टेबलाटेबलावर कॉम्प्युटर आले आणि मला भंगारात काढलं. साहेबांनीच मला लिलावात चाळीस रुपयांना सोडवून घरी आणलं.

पण मित्रांनो, माझा शीण त्याचा नाही. फूलमतीचं रेशन वाचलं, हे खरं. ते शंभर रुपये मात्र कधी आलेच नाहीत. पहिली काही वर्षं कपडे देताना ती हळूच विचारायची, "साहब, वो सौ रुपये वाला हुआ कुछ?" साहेब म्हणायचे, "चल रहा है." मग ती फक्त दसरा-दिवाळीला विचारू लागली. तिची थोरली मुलगी तिच्या शेजारी उभी राहून इस्त्री करू लागली, त्या वर्षी तिनं विचारणं सोडलं. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत.

आजही टीव्हीवर मोठमोठी माणसं विचारतात, "सगळ्यांना पैसे द्यायचे, पण आणायचे कुठून?" तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटतं, पण माझ्यात आता वीजसुद्धा टिकत नाही. पैसे नव्हते म्हणून ते राहिलं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बेरीज मी केलीय. पैसे होते. कुणाच्या ताटातून काढायचे, एवढंच ठरत नव्हतं.

माझ्यावरची धूळ पुसा, असं मी म्हणत नाही. माझं झालं आता. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात देशाचे हिशेब येतील. तेव्हा यादीतली पहिली ओळ खोडण्याआधी, ती ज्याची आहे त्याला दारात जाऊन विचारा. आणि खोडायचीच असेल तर आपली स्वतःची ओळ आधी खोडा.