आबांनी बघितलेलं घर

आबा, म्हणजे माझे वडील, थोरलीसाठी मुंबईला मुलाचं घर बघायला गेले ते दुष्काळाचं साल होतं. आमच्या उंब्रजकडं विहिरींनी तळ गाठलेला आणि घरातल्या बायका हंडे घेऊन रानोमाळ हिंडत होत्या. माझी थोरली बहीण विजयमाला, आमची अक्का, हिला पाण्याची ददात नसलेल्या घरातच द्यायची, असा आबांनी हट्ट धरला होता.

एरवी घर बघायला गेलेला माणूस गोठा बघतो, उकिरडा केवढा आहे ते बघतो. एकोणिसाव्या मजल्यावर आबांना दोन्ही सापडेनात. मग त्यांनी नळ सोडला. पाणी आलं. बंद करून परत सोडला, परत आलं. आमच्या घराण्यात मुलाच्या घरचं पाणी प्यायलं की पोरगी दिली असं धरतात. आबा पोटभर पाणी प्यायले.

घर कुणाचं, हे त्यांनी विचारलं नाही. घर बघायला गेल्यावर असं कोण विचारतं? आणि आमचे दाजी, जालिंदर, एवढंच म्हणाले, "बसा आबा." घराचा मालक शेठ परदेशी गेलेला आणि झाडलोटीसाठी किल्ली दाजींकडं. लबाड इतका, की एक शब्दही खोटा बोलला नाही.

लग्न होऊन अक्का उतरली ती त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत. खिडकी नाही. दिवसरात्र पंपाची घरघर. वरच्या मजल्यांवर ती भांडी घासायची आणि गड्यांची लिफ्ट बंद पडली की जिन्यानं चढायची, कारण मोठ्या लिफ्टमध्ये मोलकरणींना घेत नसत. पहिल्या बाळंतपणाला आबाच तिला आणायला गेले आणि सगळं डोळ्यांनी बघून आले. तरी आल्या आल्या पारावर सांगितलं, "लेक लय सुखात हाय. खिडकीतनं समुद्र दिसतो." मला त्यांचा असा संताप आला म्हणता!

अक्कानं मला सारं सांगितलं. म्हणाली, "बने, तू मातुर शेताच्या घरात जा. दारात ऊन पडलं पायजे, बास."

अक्का बाळाला घेऊन अजून माहेरीच होती, तोवर तसं स्थळ आलंही. वाळव्याकडचा कृष्णात. सहा एकर ऊस, स्वतःची विहीर. बघायला आला तेव्हा मान खाली घालून पोहे खात होता. सरळच सांगते, मला तो आवडला. सगळं जमत आलं होतं.

तेवढ्यात त्याचे वडील, ज्ञानूबापू, यांनी विचारलं, "थोरली कुटं दिलीया?"

आबांना कुठं राहवतंय. नळ, लिफ्ट, समुद्र, सगळं सांगून झालं. ज्ञानूबापूंनी बशी खाली ठेवली. "मग आमच्या किस्नातनं उसात कशाला रापायचं? धाकटा बघंल शेती. तुमच्या जावयाला सांगून ह्याला तितंच लावा. एवढं करा, म्हंजे आजच सुपारी फोडू."

आबांचा चेहरा पडला. खरं सांगावं तर गावभर छी-थू, न सांगावं तर दुसरी पोरगीही पंपाशेजारी. ते अक्काकडं बघत राहिले. मीही बघत राहिले. तिनं एक शब्द बोलायचा होता. बाळाला थोपटत ती म्हणाली, "सांगते की ह्यास्नी. ह्यांचा लय वशिला हाय."

सुपारी फुटली. मी तिच्यामागं स्वैपाकघरात गेले.

"असं का केलंस अक्का?"

तिनं माझा हात धरला. भांडी घासून घासून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या.

"शेजारची खोली मोकळी हाय," ती म्हणाली. "दिसभर बोलायला कुणी नसतं गं तितं."

ती हसत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी मनापासून. माझी सख्खी बहीण, पण त्या घडीला मला तिचं तोंड बघवेना.