मालावाझी बाईंची लॅटिन

अर्धांगाच्या झटक्यानं मालावाझी बाईंचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि इटालियन गेली. घरात बोलायची ती आमची गावठी बोलीही गेली. उरली फक्त लॅटिन, आणि तीही सगळी नाही. महाकाव्य वाचायला लागते तेवढीच.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. डोक्यात प्रत्येक भाषेची खोली वेगळी असते. एकीला कुलूप लागतं, दुसरी उघडी राहते. या उघड्या खोलीत काय सामान आहे हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. ते परगावचे. गावातल्या दोन पिढ्यांना मात्र बाईंनी त्याच खोलीत कोंडून ठेवलं होतं.

"पाव विकत घ्यायला इटालियन आहे," बाई वर्गात सांगायच्या. "लॅटिन बुडणाऱ्या जहाजांसाठी, जळणाऱ्या शहरांसाठी आणि मेलेल्या बापाशी बोलण्यासाठी." त्यामुळे आम्ही शब्द पाठ केले ते गटागटानं: समुद्राचे, शस्त्रांचे, जखमांचे, अंधाराचे. अंधाराचे सगळ्यात जास्त होते आणि तोंडी परीक्षेला हटकून तेच यायचे. शब्द चुकला की बाई रागवायच्या नाहीत. हात वर करून चार बोटं दाखवायच्या. दहापैकी चार. आमच्याकडे सहाला पास होतात, तेव्हा त्या चार बोटांना गावात शिवीचा मान होता. भर बाजारात खाटकाला कुणी चार बोटं दाखवली तर तो सुरी खाली ठेवून मटण पुन्हा वजन करून द्यायचा.

मी आता त्याच शाळेत, त्यांच्याच जागेवर लॅटिन शिकवतो. शिकवतो म्हणजे पगार घेतो.

बाई आणि त्यांची धाकटी बहीण नीवेस, दोघी बिनलग्नाच्या, नदीच्या बांधाला लागून असलेल्या घरात राहायच्या. नीवेसचं लोकर-बटणांचं दुकान होतं. बाईंना घरी आणल्यावर तिनं आधी बोलावलं फादर ओरेस्तेंना, कारण गावात लॅटिन म्हटली की पाद्री. फादरनी खुर्ची ओढून, चर्चमधल्या लॅटिनमध्ये, आत्म्याला शांती आहे ना असं हळुवारपणे विचारलं. बाईंनी वाक्य संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग डावा हात वर केला आणि चार बोटं दाखवली.

त्या संध्याकाळी नीवेसचा मला फोन आला.

"ओलिंतो, इकडे ये. ताई काहीतरी सांगतेय, आणि फादर नापास झालेत."

"मला कुठं जास्त मिळायचे?"

"तुला एकदा पाच मिळाले होते. ती अजून सांगायची लोकांना, आश्चर्य म्हणून. ये."

तेव्हापासून शाळा सुटली की मी तिकडे जाऊ लागलो. पहिले दिवस मजेत गेले. बाईंना ऐकलेलं सगळं कळत होतं; फक्त उत्तर द्यायला हाताशी होते ते वीरांचे शब्द. चादर बदलायची असली की त्या 'शीड' म्हणायच्या. चमचा म्हणजे 'वल्हं'. डॉक्टर म्हणजे 'बळीच्या बकऱ्याची आतडी पाहून भविष्य सांगणारा', आणि यात मला तरी चूक दिसत नव्हती. बेडपॅनला 'उलटी ढाल' म्हणायच्या. बाईंना सांभाळायला मोल्दोवाहून आलेली झिना होती; तिची इटालियन अजून अडखळत होती, पण ही लॅटिन तिनं चटकन उचलली.

"इटालियनपेक्षा बरी आहे," झिना म्हणाली. "सामान कमी. ढाल, शीड, वल्हं. झालं काम."

"माझ्या वर्गातल्या मुलांना सांगायला ये," मी म्हणालो.

मग नोव्हेंबर लागला आणि नदीवरून धुकं उतरलं. आमच्याकडे पो नदी गावापेक्षा उंचावरून वाहते. बांधाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना पाणी दिसत नाही, डोक्याच्या वर कुठंतरी आहे एवढं माहीत असतं. धुकं आलं की बांधही दिसेनासा होतो. बाईंचा पलंग खिडकीशी होता. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि चादर-चमच्याचं बोलणं बंद झालं.

"रीपा," त्या म्हणाल्या. काठ.

थोडं थांबल्या, कान देऊन ऐकल्यासारख्या. "गर्दी." पुन्हा थांबल्या. "गळलेली पानं."

नीवेस पायाशी बसून विणत होती. "कुठला काठ? आपला?"

"पुस्तकातला," मी म्हणालो. "उजळणी चाललीय. महाकाव्याचा नायक पाताळात उतरतो. तिथं एक नदी असते, काठावर मेलेल्यांची गर्दी, पानगळीसारखी. नावाडी येतो आणि एकेकाला पलीकडे नेतो. बाईंचा आवडता धडा."

"धडा असेल तर ती मधेमधे थांबते कशाला?"

उजळणी करणारा माणूस आठवण्यासाठी थांबतो. बाई थांबायच्या त्या पाहण्यासाठी. खिडकीबाहेर बघून शेजारी काय चाललंय ते आतल्याला सांगावं, तशा स्वरात. नावाडी आला. या म्हातारीला घेतलं. या पोराला घेतलं. याला ढकललं. आदल्या आठवड्यात गावातला सायकलवाला गेला होता. बाईंना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एका दुपारी शब्द निवडला: 'चाकं घडवणारा'. मग, 'चढला'.

"योगायोग," मी नीवेसला म्हणालो.

"मी कुठं काय म्हटलं?" ती म्हणाली आणि टाके मोजू लागली.

दोन दिवसांनी बाई म्हणाल्या, "तरुण." मग, "भिजलेला." मग त्यांना हवा तो शब्द त्या सामानात सापडला नसावा, कारण त्यांनी डावा हात उचलला आणि अंगठ्याच्या नखानं डाव्या भुवईवर एक आडवी रेघ ओढली.

नीवेसच्या सुया थांबल्या.

"हे धड्यात आहे?"

"नाही."

तिनं विणकाम पिशवीत ठेवलं, पिशवीचं तोंड बांधलं. मग एखादी किंमत सांगावी तसं सांगितलं. त्यांना एक भाऊ होता, दोघींहून मोठा. लोरिस. लहानपणी सायकलवरून पडून त्याची भुवई फाटली होती. मोठ्या पुरात तो नाव घेऊन शेजाऱ्यांना छपरांवरून उतरवायला गेला. नाव परत आली. लोरिस सापडला नाही. आई मरेपर्यंत रात्री दाराला कडी लावत नसे. चर्चमध्ये दरवर्षी त्याच्या नावानं प्रार्थना व्हायची, पण समोर पेटी नाही, खड्डा नाही; फादरसुद्धा जरा आटोपतं घ्यायचे.

"मला दुसरं काही नको," नीवेस म्हणाली. "तो पोचला की नाही एवढंच तिला विचार. ती गेल्यावर विचारायचं कुणाला?"

"तुम्हीच विचारा, त्यांना कळतं की सगळं."

"उत्तर मला कळत नाही ना. मी पाचवीतच शाळा सोडली. एकीनं दुकान सांभाळायचं, एकीनं शिकायचं, असं ठरलं होतं."

मी पलंगाजवळ गेलो. "बाई, लोरिस पलीकडे गेला का?"

बाईंनी बराच वेळ धुक्यात पाहिलं. मग एकेक शब्द आला, वर्गात फळ्यावर लिहायच्या तसा सुटा, स्वच्छ. उभा. हात पुढे. नावाडी. वल्ह्यानं लोटलं. न पुरलेला. मग 'माती'. पुन्हा 'माती'. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज त्यांचा राहिला नव्हता. भिजून थंड पडलेलं माणूस जसं दात आवळून बोलतं, तसा आला.

महाकाव्यातला नियम सरळ आहे. ज्याच्या अंगावर माती पडली नाही त्याला नावेत घेत नाहीत. त्यानं शंभर वर्षं काठावर फिरायचं. हे मी दरवर्षी मुलांना सांगतो, परीक्षेला येतं म्हणून. समोर बसलेल्या बहिणीला तिच्या भावाबद्दल सांगायची वेळ आजवर आली नव्हती.

"पोचला म्हणतायत," मी म्हणालो. "तिकडे हिरवळ आहे. ऊन आहे. बरा आहे तो."

नीवेसचा चेहरा सैल पडू लागला. तेवढ्यात पलंगावरून डावा हात वर आला. अंगठा तळव्यात दुमडलेला. चार बोटं.

नीवेसनं ती पाहिली. तिला लॅटिन येत नव्हती. पण चार म्हणजे काय हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

"ओलिंतो," ती म्हणाली, "पुन्हा भाषांतर कर."

मी केलं. या वेळी एकही शब्द गाळला नाही. बाईंनी हात खाली ठेवला.

नीवेस रडली नाही. तिनं विचारलं, "माती किती लागते?"

"पुस्तकात तीन मुठी आहेत."

"तीन? एवढा उंच मुलगा होता तो." ती मागच्या परसात गेली आणि मक्याच्या पिठाचा पोलेंता शिजवायच्या पितळी टोपात वाफ्यातली माती भरू लागली. कोबीची दोन रोपं त्यात उपटून आली. ती तिनं नीट परत लावली.

"पण टाकायची कुठं?" मी म्हणालो. "त्याचं शरीर—"

"पोनं ठेवून घेतलंय ना? मग पोलाच द्यायची. टोप धर. तुला कोट नाही का? ताईनं वर्गात नापास केलं ते बरोबरच केलं."

बाईंना झिनाजवळ सोडून आम्ही बांधाच्या पायऱ्या चढलो. दुपारचे तीन वाजले असतील, पण वर उजेड होता तो दुधासारखा, कुठूनच न येणारा. पाणी दिसत नव्हतं. त्याचा वास येत होता. खाली धक्क्याला एक सपाट बुडाची नाव बांधलेली होती, इथल्या मासे धरणाऱ्याची, रिकामी. वारा नव्हता. दोर सैल लोंबत होता.

नीवेस धक्क्याच्या टोकापर्यंत गेली. पहिल्या तीन मुठी तिनं मोजून टाकल्या, नियम म्हणून. मग टोप उपडा केला. माती पाण्यात पडल्याचा आवाज झाला नाही. म्हणजे आवाज झाला, पण पाण्याचा नव्हता. कापडावर माती पडावी तसा दबका.

"बस रे आता," ती आमच्या बोलीत म्हणाली. "किती वेळ उभा राहणार? चप्पल ओली असेल तर काढून बस."

आम्ही थांबलो. मग नाव हलली.

डोलली असती तर मी समजलो असतो. पो मोठी नदी आहे, कुठूनतरी लाट येते. नाव डोलली नाही. ती एका बाजूनं खाली बसली, वीतभर. फळ्या करकरल्या. दोर ताणला गेला आणि त्यातून पाण्याचे थेंब पिळून निघाले. सांध्यांतून पाणी आत येऊ लागलं.

"बसला," नीवेस म्हणाली. आणि तेव्हा रडली.

मी धक्क्यावरून एक पाऊल मागे सरलो. कारण याच धड्यात, नायक पाताळातल्या नावेत पाय ठेवतो तेव्हा ती करकरते आणि तिच्यात पाणी शिरतं. का, असं बाई दर वर्षी विचारायच्या, आणि दर वर्षी कुणीतरी चार घ्यायचं. उत्तर सोपं आहे. मेलेल्यांना वजन नसतं. शेकडो चढले तरी नाव तसूभर खचत नाही. नाव खचते ती त्यांच्यात जिवंत माणूस येऊन बसलं तर.

दोर आपोआप सैल झाला. नाव जागच्या जागी होती, पण पुन्हा उंच आणि रिकामी दिसत होती. धुक्यात लांबवर वल्ह्याचा आवाज येत राहिला. नीवेसला तो ऐकू आला की नाही हे मी विचारलं नाही. तिनं टोप पाण्यात विसळला, पदराला पुसावा तसा कोटाला पुसला, आणि आम्ही पायऱ्या उतरलो.

झिना दारातच उभी होती.

"काय झालं?" नीवेसनं विचारलं. "गेली?"

"नाही. श्वास चालू आहे. डोळे उघडे. पण बोलत नाही. मी म्हटलं, ढाल? शीड? काहीच नाही. मी विचारलं तेव्हा अशी बघत राहिली... मी कोण ते माहीत नसल्यासारखी."

आत बाई तशाच होत्या, उशीवर, तोंड खिडकीकडे. छाती वर-खाली होत होती. मी जवळ जाऊन मला येत होते ते सगळे शब्द म्हटले. काठ, नाव, भाऊ, शेवटी अंधाराचेही. मुद्दाम एक चुकवला. डावा हात चादरीवर पडून राहिला.

"पोचवायला गेली असेल त्याला," नीवेस म्हणाली. "ती कुणाला एकटं कधी सोडायची? येईल." तिनं ते पटकन म्हटलं आणि कामाला लागली. "चल, ओलिंतो, हात लाव. कूस बदलायची वेळ झाली."

हे काम आम्ही तिघं मिळून करायचो. बाई हाडापेरानं मोठ्या होत्या. झिना खांदे धरायची, मी कंबर, आणि नीवेस सूचना द्यायची. मी पलंगाला वळसा घालून पलीकडे जाईपर्यंत नीवेसनं पाठीखाली एक हात घातला होता.

बाई उचलल्या गेल्या. एका हातावर, सहज, वाळत घातलेलं कापड दोरीवरून उचलावं तशा. नीवेस त्यांना तशीच धरून उभी राहिली. तिनं गादीकडे पाहिलं. गादीवर खळगा नव्हता.

मग तिनं त्यांना अलगद खाली ठेवलं, डाव्या कुशीवर. चादर ओढली आणि दोन्ही बाजूंनी गादीखाली खोल, घट्ट खोचली. त्यावर लोकरीचं पांघरूण घातलं, त्यावर आणखी एक.

"झिना," ती म्हणाली, "खिडकी लावून घे."