भिंतीवरची शेवटची ओळ

लामारा माझ्याकडे आली तेव्हा तिला इटालियन भाषेतले तीन शब्द येत होते: हो, नाही आणि औषध. जॉर्जियाहून एवढा प्रवास करून ती आली होती ती मला सांभाळायला. मला काय धाड भरली होती! खुब्याचं हाड मोडलं होतं, डोकं नव्हे. पण डॉक्टरीणबाईने बजावलं, एर्सीलियाबाई, आता एकटं राहायचं नाही. मूलबाळ नाही, नवरा कोसिमो जाऊन अकरा वर्षं झालेली. ठेवली मग तिला.

पहिला महिना हातवाऱ्यांवर काढला. चर्चमधल्या वर्गातून तिने एक पुस्तक आणलं होतं. त्यात एक गृहस्थ प्रत्येक पानावर स्टेशन कुठे आहे म्हणून विचारायचा. आमच्या गावाला स्टेशनच नाही! मी ते पुस्तक मिटलं, काठी घेतली आणि तिला म्हटलं, "चल माझ्याबरोबर."

मासळीबाजाराच्या मागे आमची भिंत आहे. गावात कोणी गेलं की सकाळी त्याचा काळ्या चौकटीचा कागद तिथे लागतो, आणि तो वाचल्याशिवाय कोणाच्या घशाखाली कॉफी उतरत नाही. अक्षर इतकं ठसठशीत की मलासुद्धा चष्मा लागत नाही. मी बोट ठेवून वाचायची, लामारा माझ्यामागून म्हणायची. नाव, वय, गावाने ठेवलेलं टोपणनाव. मग माणूस कसा होता ते. मग कुठलं चर्च, किती वाजता. आणि सगळ्यात खाली, ही दुःखद बातमी कोण कळवतंय त्यांची नावं: बायको, मुलगे, सुना, जावई, नातवंडं.

त्या भिंतीपुढे पोरगी घड्याळ शिकली, गल्ल्या शिकली, सगळी नाती शिकली. पोरगी कसली, पन्नाशीची बाई, पण मला पोरगीच. वाचून झालं की मी मागची गोष्ट सांगायची. "हा बघ, कागदावर प्रेमळ पिता. पोरांना पट्ट्याने बडवायचा मेला." ती हसायची. मेलेल्या माणसाबद्दल भिंतीवर वाईट लिहायचं नाही आणि भिंतीपासून दहा पावलांवर गेलं की खरं बोलायचं, ही आमची रीतही ती तिथेच शिकली. एकदा दहा पावलं मोजून मला विचारते, "सिन्योरा, आता बोलू?" मी इतकी हसले की काठी पडली.

पण एक गोष्ट तिने बरोबर हेरली.

"तुम्ही आधी खालची ओळ का वाचता?"

"सवय."

सवय कसली डोंबलाची! भीती होती ती. पस्तीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते, अर्धं गाव माझ्या हातचं खाऊन मोठं झालंय. पण माझ्या कागदावर खाली कोणाचं नाव येणार? शाळेतली पोरं काही सही करत नाहीत. गेल्या साली डोंगराकडच्या म्हाताऱ्याच्या कागदाखाली नुसतं 'शेजारी' लिहिलं होतं. शेजारी! तो शब्द वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तसं एक नाव होतं. कोसिमोची धाकटी बहीण, माझी नणंद पोर्त्सिया. समोरच्याच घरात राहते, तिच्या खिडकीतून माझा ओटा दिसतो. कोसिमो सात आठवडे हॉस्पिटलात होता, ही दोनदा आली, दोन्ही वेळा कोट काढायच्या आत परत. म्हणून तो गेला तेव्हा कागद छापणाऱ्या मिंकुच्चोला मी मजकूर सांगितला आणि बहिणीचं नाव घातलंच नाही. लोकांना म्हटलं, दुःखात विसरले. विसरले नव्हते. चांगलं शुद्धीवर राहून गाळलं होतं. पोर्त्सियाने भिंतीपुढे उभं राहून तो कागद वाचला आणि त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. अकरा वर्षं. कपडे वाळत घालतानासुद्धा आम्ही एकमेकींच्या वेळा टाळायचो.

लामाराला भाषेची परीक्षा द्यायची होती. पास झाली की बारी शहराच्या हॉस्पिटलात पक्की नोकरी मिळणार होती. तिची गुरुवारची दुपार सुट्टीची, तेव्हा ती अभ्यासाला चर्चमध्ये जायची आणि मी चार तास घड्याळाकडे बघत बसायची. गुरुवार मला खायला उठायचा. ती नापास व्हावी असं मला वाटत होतं का? हो, वाटत होतं. आणि तरी रोज सकाळी मीच तिला भिंतीकडे घेऊन जात होते, चुकली की मीच ओरडत होते. माणसाचं काही खरं नाही.

परीक्षेच्या दिवशी ती पहाटेच्या बसने बारीला गेली. साडेअकराला दारावर थाप पडली. उघडते तर पोर्त्सिया! अंगात काळा झगा, हातात झाकण बांधलेलं पातेलं. मला बघून तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

"तू जिवंत आहेस?"

"तुझी काही हरकत?"

"अगं, माझी पुतणी तिकडे परीक्षा घेते. तिने फोन केला, काकू, तुमच्या वहिनी गेल्या, त्यांची बाई आत्ता सांगून गेली. मी रस्सा टाकला."

मयताच्या घरी चूल पेटत नाही, रस्सा शेजाऱ्यांनी न्यायचा. अकरा वर्षं तोंड न बघणारी ही बाई माझ्यासाठी कोंबडी चिरून दोन तास चुलीशी उभी राहिली होती.

"मी मेले तर तू रडत का नव्हतीस?" मी विचारलं.

"जिना चढताना रडू की पातेलं सांभाळू? सर बाजूला, हात भाजतोय."

ती आत आली. पातेलं ठेवताना तिच्या खिशातून एक कागद डोकावला. मी हात पुढे केला. "काय आहे ते?"

"काही नाही. मिंकुच्चोकडे जायचं होतं. लामारा परत आली असेल तर तुझं जन्मसाल तिला विचारावं म्हणून आधी इकडे आले."

मी कागद ओढलाच. कच्चं अक्षर, पेन्सिलीने लिहिलेलं. एर्सीलिया, वय, पुढे जागा कोरी. साऱ्या गावाच्या मुलांना जेवू घालणारी. मग मी सवयीने खाली गेले. ही दुःखद बातमी कळवणारी, नणंद पोर्त्सिया. एकच नाव, पण नाव होतं. माझे डोळे भरून आले. लपवायला जागाच नव्हती, ती समोर उभी.

"तू माझं गाळलंस," ती म्हणाली. "मला तुझं गाळता येईना."

"मी मुद्दाम गाळलं होतं."

"माहीत आहे मला. मी काय बावळट आहे? मला हॉस्पिटलात त्याला तसं बघवत नव्हतं, वहिनी. तू एकदा विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मी विचारलं नव्हतं. आम्ही दोघींनी माझ्या मयताचा रस्सा खाल्ला. मीठ कमी होतं. मी बोलले नाही, आणि मी बोलले नाही हे तिला कळलं.

संध्याकाळी लामारा आली ती रडवेली होऊन. "सिन्योरा, त्यांनी विचारलं, तुम्ही कोणाकडे राहता, त्यांच्याविषयी सांगा. मी छान सांगितलं. एर्सीलिया, आदर्श पत्नी, कष्टाळू, देवभीरू, दीर्घ दुखणं धीराने सोसणाऱ्या. सगळं न चुकता. तर त्या बाईंनी उठून माझा हात धरला, म्हणाल्या, फार वाईट झालं. मी म्हटलं, धन्यवाद. वाईट काय झालं, सिन्योरा?"

माणसाची ओळख करून द्यायची दुसरी रीत तिला कोणी शिकवलीच नव्हती. शिकवणारी मी.

दीड महिन्याने निकाल लागला. पास, आणि बोलण्यात तर चांगले गुण. नोकरीचं पत्रही आलं. तिने बॅग भरायला काढली तेव्हा मी म्हटलं, "एक शेवटचा धडा राहिलाय. बस, लिहून घे." दोन महिन्यांनी कोसिमोला जाऊन बारा वर्षं होणार होती, आणि स्मृतिदिनाचाही कागद भिंतीवर लागतो. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. खाली आल्यावर म्हणाली, "पत्नी एर्सीलिया. झालं?"

"नाही. पुढे लिही. बहीण पोर्त्सिया. अक्षर सारखंच ठेव, बारीक नको."

एकही चूक नव्हती तिची. कागद मिंकुच्चोकडे देऊन ती दुपारच्या बसने गेली. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "गुरुवारी येईन." दोन गुरुवार आलीही. मग रात्रपाळ्या लागल्या, मग फोन, मग फोनही आठवड्याने. तिचा दोष नाही. बारीत तिला आता जिवंत माणसांशी बोलायचं असतं. माझा मात्र रोजच गुरुवार झाला. पोर्त्सिया अधूनमधून खिडकीतून हाक मारते, मीठ कमी पडलं का म्हणून. पण तिला तिची लेक आहे, नातवंडं आहेत, संध्याकाळी पाच वाजले की तिची खिडकी बंद होते.

कोसिमोचा कागद लागला त्या सकाळी मी एकटीच काठी टेकत भिंतीकडे गेले. पोर्त्सिया आधीच तिथे होती, माझ्याकडे पाठ करून. भाजीची पिशवी जमिनीवर ठेवलेली, आणि एक बोट कागदाच्या शेवटच्या ओळीवर. ती ते बोट उचलतच नव्हती. मी दहा पावलांवर थांबले, पुढे गेले नाही. मला इतका आनंद झाला होता की तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. मी शेजारी वळून म्हटलं, "बघ, लामारा, बघ."

शेजारी कोणी नव्हतं.