हत्तीची डोण

"आई, फोन जरा खाली धर गो. नुसते कानच दिसतायत त्याचे."

आई, राही, आत स्वयंपाकघरात नारळ खवत होती. परसात आंब्याखाली उकिडवा बसून फोन धरला होता तो बापाने. हे मनस्वीला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे दीपक घवाळीलाही ठाऊक होतं. त्याने शब्द न काढता फोन खाली केला. समोर मातीत ऐसपैस पसरलेल्या हत्तीने आवाज ओळखून शेपटी आपटली.

हत्ती म्हणजे कुत्रा. कॉलेजात असताना मनस्वीने तो ओढणीत गुंडाळून आणला, कुण्या बंगलेवाल्याच्या विलायती कुत्रीचं नको झालेलं पिल्लू. "याचे पंजे बघा, हत्ती होणार हा," ती म्हणाली आणि पोरीचा शब्द कुत्र्याने खरा केला. उभा राहिला की उडी न मारता टेबलावरचा भात खाईल एवढा वाढला. नवखा माणूस दगडी गडग्याबाहेरूनच हाक मारी, आणि हा मात्र झुरळाला भिऊन राहीच्या पदराआड लपे.

दीपकचा सगळा जन्म रत्नागिरी शहराला पाणी सोडण्यात गेला. पाणी खात्यात व्हॉल्व्ह फिरवायचं काम. निवृत्त झाल्यावर त्याने आपल्या वाडीतल्या घरामागचं परसू हाती घेतलं. फाल्गुनातली सकाळ, अंगाला अजून थोडा गारवा, सुरंगीच्या कळ्या उमलायला लागलेल्या, अबोली भरलेली, तोंडलीचा मांडव हिरवागार. तो आळ्याआळ्याला पाणी घाली आणि हत्ती मागून येऊन नेमका भिजलेल्या आळ्यात बसे. दीपक त्याला शिव्या देई, आणि शिव्या देता देता राहीलाही कधी न सांगितलेल्या गोष्टी सांगे. सुख म्हणतात ते हेच असावं असं त्याला वाटे. फक्त रविवार आला की ते सुख अपुरं वाटे.

चार वर्षांपूर्वी मनस्वीने नाटे गावातल्या मासेमार खारव्याच्या मुलाशी, स्वरूपशी, लग्न केलं. स्वतःची होडी असलेला, निर्व्यसनी मुलगा, पण जातीबाहेरचा. दीपक तेव्हा म्हणाला होता, "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." पोरगी बापाच्याच वळणाची. तिने खरंच दाखवलं नाही. नाटे काही सातासमुद्रापार नाही, सकाळची एस.टी. धरली तर माणूस जेवायला पोचतो. पण ती आली नाही आणि हा गेला नाही.

दर रविवारी मात्र आईच्या फोनवर तिचा व्हिडिओ कॉल यायचा, हत्तीला बघायला. दीपक फोन हत्तीकडे तोंड करून धरायचा, त्यामुळे त्याला दिसायची ती फोनची काळी पाठ. कानावर मात्र सगळं पडायचं. बांगडा किती लागला, सासूचा गुडघा कसा आहे, होडीचं इंजिन कुठे रुसलं, सगळं ती कुत्र्याला सांगायची. असा शब्दही मोडत नव्हता आणि लेकही तुटत नव्हती. हत्ती आता म्हातारा झाला होता. तो गेल्यावर हा फोन कशासाठी येईल, हा विचार दीपकच्या मनात येई, आणि तो उठून कुठल्या तरी झाडाला उगीचच पाणी घाली.

त्या रविवारी फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "हत्ती, आपल्या आंब्याला मोहोर आला काय रे? इकडं आंबे मिळतात, पण आपल्या झाडाची चव नाय."

दीपकने वर पाहिलं. हा हापूस तिच्या बारशाच्या दिवशी लावलेला. यंदा थंडी लांबली आणि मोहोर उशिरा आला, तोही तुडतुड्यांनी धरला होता. पानं चिकट झाली होती, तुरे काळवंडत होते. असंच राहिलं तर एक फळ हाती लागणार नव्हतं. लागलं तर पेटी भरून नाट्याच्या गाडीत कंडक्टरकडे देता येईल, पाठवणाऱ्याचं नाव सांगायची काय गरज, असा बेत त्याने तिथल्या तिथे केला.

दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या ओमकारकडून फवारणीचा पंप आणला. पाण्याच्या खात्यातला माणूस. आधी विहिरीवर ताडपत्री घालून चारी बाजूंनी चिरे ठेवले. दोरीवरचे कपडे आत घ्यायला लावले. हत्तीला पुढच्या ओटीवर बांधलं. मग तोंडाला टॉवेल गुंडाळून झाड निथळेपर्यंत फवारलं. सगळं आठवणीने केलं. फक्त बुंध्याशी हत्तीच्या पाण्याची दगडी डोण होती, ती रोजची, डोळ्यांसमोरची, म्हणूनच दिसली नाही. संध्याकाळी पंप धुऊन त्याने हत्तीला सोडलं. हत्ती थेट आपल्या जागी आला आणि रोजच्यासारखा चभकचभक पाणी प्यायला.

सकाळी त्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लागल्या होत्या. अंग थरथरत होतं आणि मागचे पाय उचलत नव्हते. शहरातून जनावरांचे डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, फवारणी केली होती का म्हणून विचारलं. दीपक म्हणाला, केली, पण कुत्रा बांधून ठेवला होता. हे म्हणता म्हणता त्याची नजर डोणीवर गेली. राहीने ती नजर पाहिली. तरणा असता तर निभावला असता, या वयात काही सांगता येत नाही, असं सांगून डॉक्टर गेले. राहीने डोण कलती करून सगळं पाणी ओतलं आणि राख घेऊन ती घासघास घासली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं दीपकला वाटलं.

मग तो आठवडा पेज भरवण्यात गेला. रोज सकाळी तो हत्तीला गोणपाटावर घेऊन परसात उन्हाला आणी. आणि परसू असं फुललेलं की पाहत राहावं. सुरंगीचा वास गडग्यापलीकडे जात होता, आंबा तर बाळंतिणीसारखा तजेलदार दिसत होता. दीपक त्याच्याकडे पाठ करून बसे. आपल्या हाताने लेकीच्या कुत्र्याला विष घातलं, तेही तिला आंबे खायला घालायला, हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडाने?

रविवार जवळ आला तसा तो राहीला म्हणाला, "तिला सांग, रेंज नाय."

"मी नाय सांगणार," राही म्हणाली. "आवं, चार वर्सं माझा फोन उसना घेतलात. आता तोंड पण माझंच उसनं पायजे?"

त्याच रविवारी वाडीत शिमग्याची पालखी आली. दरवर्षी ढोल वाजला की हत्ती मान वर करून असा काही गळा काढी की पोरं हसून लोळत. यंदा ढोल अंगणात आला तरी ओटीच्या कडेला पडलेल्या हत्तीचा एक कान तेवढा हलला. पालखी टेकली, राहीने ओटी भरली आणि धाकू गुरव नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. घरच्याने आपलं म्हणणं धाकूच्या कानात सांगायचं, त्याने ते चारचौघांत देवाला मोठ्याने सांगायचं, ही रीत. गेली चार वर्षं दीपक दोनच नावं सांगत आला होता, आपलं आणि राहीचं. धाकू दरवर्षी दुसऱ्या नावानंतर क्षणभर थांबे, आणि मग पुढे जाई.

"सांगा दीपकभाऊ," धाकू म्हणाला.

दीपकने ठरवलं होतं, नेहमीचंच सांगायचं. पण ओटीवरच्या हत्तीकडे नजर गेली आणि त्याचा आवाज कानात मावेना, सगळ्यांना ऐकू जाण्याएवढा झाला.

"मनस्वीचं नाव घे. माझी लेक, नाट्याला दिलेली. तो कुत्रा तिचा हाय. त्याच्या पोटात इख गेलं ता माझ्या हातनं. हीर झाकली, डोण झाकायची ऱ्हायली. त्येचे हाल करू नको म्हणावं देवाला."

कुत्र्याचं गाऱ्हाणं ऐकून मागे कोणीतरी हसलं. धाकूने तिकडे एकदा पाहिलं, आणि हसू थांबलं. मग त्याने आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या घवाळ्यांच्या दारात तुजी पालखी आलीय. धनी दीपक, धनीन राही, लेक मनस्वी, नाट्याला दिलेली. तिचा मुका जीव दारात पडलाय. धन्याच्या हातनं चूक झाली ती पदरात घे, आनि त्या जीवाला सुखानं सोडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं अंगण म्हणालं.

दीपकने डोळे पुसले तेव्हा त्याला खांबाशी उभी राही दिसली. मुंबईत अडकलेल्या माणसांना पालखी दाखवायला अंगणात फोन उंचावलेलेच होते. राहीच्याही हातात फोन होता. त्याला दिसत होती ती नेहमीची काळी पाठ. पलीकडे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

पालखी पुढच्या घरी गेली तशी राहीने हात खाली केला. "कट केला तिनं," ती म्हणाली.

हत्ती दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात, दीपकच्या पावलावर मान टाकून गेला. आंबा आणि सुरंगी यांच्या मधोमध खड्डा खणून त्याला पुरला. राहीने मनस्वीला तसं कळवलं. त्यावर काही आलं नाही. आठवडाभर दीपक सवयीने डोण धुऊन भरी, संध्याकाळी रिकामी करी आणि सकाळी पुन्हा भरी.

रविवारी तो परसात डोणीशी जाऊन बसला. येताना राहीचा फोन का उचलून आणला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. आज फोन वाजायला काही कारण उरलं नव्हतं. राही एकदा दारापर्यंत आली, फोन त्याच्या गुडघ्याशी पाहिला आणि तशीच आत गेली.

नेहमीच्या वेळेला फोन वाजला.

दीपकने तो घेतला, आणि हाताला वळण पडलेलं, तसा समोरच्या मोकळ्या मातीकडे धरला, खाली, हत्तीचं तोंड असायचं तेवढ्या उंचीवर. पलीकडून आवाज नाही. वाऱ्याने मोहोर झडून डोणीतल्या पाण्यावर पडत होता, तो मनस्वीला दिसत असावा. हात दुखायला लागला तरी त्याने तो हलवला नाही.

"बाबा," मनस्वी म्हणाली. "फोन वळवा. तुमी दिसत नाय."

दीपकने डोणीत टेकलेला ओला हात लुंगीला पुसला, आणि फोन वळवला.